नाव ३०६०, पण वॉट किती?

गेमिंग लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कार्ड कोणतं?" ग्राफिक कार्डाचं नाव कळलं की लॅपटॉप कसा चालेल तेही कळलं, असं बहुतेकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. त्या समजुतीपायी मी माझे पैसे चुकीच्या ठिकाणी घातले, आणि पुरती शहाणी होण्याआधीच मामालाही घालायला लावले. माझ्या पैशांचं दुःख केव्हाच संपलं. मामाच्या पैशांचं संपलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी अकोल्यात राहते. लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, आणि गेमही मनापासून खेळते. २०२१ मध्ये जुना लॅपटॉप अगदीच थकला, तेव्हा दोन्ही कामांना चालेल असा एकच घ्यायचं ठरवलं. डोक्यात एकच नाव होतं, आरटीएक्स ३०६०. त्या कार्डाचे सापडतील तितके व्हिडिओ पाहिले होते. त्यातले बरेचसे डेस्कटॉपच्या कार्डाचे होते. ते मला दिसत होतं, तरी मी मनावर घेतलं नाही. नाव एकच आहे तर फरक असून असून किती असणार, हा माझा हिशेब.

फरक पुष्कळ असतो. डेस्कटॉपचं ३०६० कार्ड १७० वॉटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपच्या ३०६०साठी एनव्हिडियाने ठरवलेली मर्यादा ६० ते ११५ वॉट इतकी सैल आहे, आणि त्यातले नेमके किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. कोअर मोजायला गेलं तर लॅपटॉपच्या चिपमध्येच जास्त आहेत, ३८४०. डेस्कटॉपच्या चिपमध्ये ३५८४. पण कोअर कितीही असले तरी वीज कमी पडली की ते सगळेच मंद चालतात. कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीआरएएम, तीही वेगळी. तेव्हाच्या डेस्कटॉप कार्डावर १२ जीबी, लॅपटॉपवर ६ जीबी.

दुकानात माझ्यासमोर ३०६० असलेले दोन लॅपटॉप होते. एक जाडजूड, मागे मोठ्या जाळ्या, उचलताना हात भरून येईल असा. दुसरा पातळ, हलका, दिसायला देखणा. किंमत जवळपास सारखीच. मी पातळ उचलला. दोन्हींत कार्ड तेच आहे तर उगाच ओझं कशाला वाहायचं, असं मी दुकानातल्या मुलाला म्हणालेही होते. जाड लॅपटॉपमध्ये त्या कार्डाला पूर्ण ११५ वॉट मिळत होते. माझ्यात ८०. हे कुठे लपवलेलं नव्हतं. ३० मालिकेच्या आधी कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांच्या नावातच 'मॅक्स-क्यू' असं असायचं, त्यामुळे निदान शंका तरी यायची. ३० मालिकेपासून नावातली ती खूण गेली, आणि वॉटचा आकडा कंपनीच्या तपशिलांच्या तक्त्यात जाऊन बसला. तो तक्ता मी उघडलाच नाही.

पुढे एकदा आमच्याबरोबर काम करणाऱ्या कॅमेरामनच्या लॅपटॉपवर मी खेळायचे तोच गेम, त्याच सेटिंगवर चालताना पाहिला. कार्ड ३०६०च. माझ्याकडे गर्दीच्या चौकात गाडी वळवताना चित्र अडखळायचं, त्याच्याकडे ते सरळ जात होतं. माझ्या यंत्रात बिघाड आहे अशी माझी खात्रीच झाली. सर्व्हिस सेंटरला नेलं, तिथे भांडणाच्या तयारीने गेले. त्यांनी तपासून सांगितलं की काहीही बिघडलेलं नाही, हा लॅपटॉप जसा चालायला हवा तसाच चालतो आहे. बिघाड असता तर दुरुस्त झाला असता. मी निवडलं होतं तेच मला मिळालं होतं, त्याला दुरुस्ती नव्हती.

त्यानंतर मी या विषयाचं वाचायला लागले. आधी कळलं ते हे की लॅपटॉपच्या आत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांची उष्णता बहुधा त्याच तांब्याच्या नळ्यांतून आणि त्याच पंख्यांवाटे बाहेर पडते. एका विहिरीवर दोन शेतं असावीत तशी ही गत आहे. एकाने जास्त ओढलं की दुसऱ्याला कमी. गेममध्ये माणसांची गर्दी वाढली की प्रोसेसर जोर लावतो, त्याची उष्णता त्याच नळ्यांत उतरते, आणि कार्डाला मागे सरावं लागतं. लॅपटॉपचे प्रोसेसर तर थोड्या वेळासाठी आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त वीज घेऊ शकतात. इंटेलच्या आय सेव्हन १२७००एचची मूळ मर्यादा ४५ वॉट आणि टर्बोची ११५ वॉट. पहिली काही मिनिटं तो झेपावतो, मग उष्णता साठते आणि तो खाली येऊन स्थिरावतो. म्हणून दोन-तीन मिनिटांच्या चाचणीत मिळालेला आकडा आणि तासभर खेळल्यानंतरचा आकडा यांत अंतर पडतं. आपण लॅपटॉप घेतो तो त्या दुसऱ्या आकड्यासाठी.

अकोल्यात राहणाऱ्या माणसाने तर यात आणखी एक गोष्ट धरायला हवी होती, ती म्हणजे खोलीचं तापमान. मी जे व्हिडिओ पाहिले ते गार खोल्यांत केलेले असणार. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५च्या पुढे जातो, आणि दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत ४० सहज असतं. यंत्रातून किती उष्णता बाहेर जाईल हे चिप आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ग्राफिक कार्डाला साधारण ८७ अंशांवर थांबवलेलं असेल, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ६२ अंशांचा, आणि ४० अंशांच्या खोलीत ४७चा. म्हणजे तेच पंखे, त्याच नळ्या, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद स्थूलमानाने पाव हिश्श्याने कमी. पातळ लॅपटॉपमध्ये ही ताकद आधीच बेताची असते. हिवाळ्यात नीट चालणारा गेम उन्हाळ्यात का अडखळतो याचं उत्तर मी ड्रायव्हर बदलून, विंडोज नव्याने टाकून शोधत बसले होते. उत्तर खिडकीबाहेर होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, आणि ही माझी आणखी एक चूक. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि प्रोसेसर ९५ अंशांवर गेलेला पाहून घाबरले. पाणी उकळायला पाच अंश कमी, मग चिप जळणारच, असं वाटलं. कोणीतरी सांगितलं म्हणून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ वर आणली. एका टक्क्याचाच फरक वाटतो, पण त्याने टर्बो पूर्ण बंद होतो. तापमान झपकन उतरलं, मी निश्चिंत झाले, आणि पुढचे कितीतरी महिने लग्नांचे व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला इतका वेळ का लागतो म्हणून कुरकुरत राहिले. या प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते, आणि तिच्याजवळ पोचले की ते आपणहून वेग कमी करून स्वतःला सांभाळतात. तापमान जास्त दिसणं हा लगेच धोका नव्हे. तिथे पोचल्यावर वेग किती पडतो, हे पाहायचं असतं. ते मी पाहिलं नाही. नुसता आकडा पाहून घाबरले.

त्याच भीतीपोटी लॅपटॉप पाण्याच्या कूलरसमोर ठेवून काम करायचे. गार वाटायचं. पण ती हवा दमट असते, आणि अशा हवेबरोबर आत गेलेली धूळ जाळ्यांवर चिकटून बसते. पुढे लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्यांच्या तोंडाशी धुळीचा थर घट्ट बसला होता. तो काढून, थर्मल पेस्ट बदलून जितका फरक पडला तितका कोणत्याही कूलिंग पॅडने पडला नाही. लॅपटॉपचा मागचा भाग दोन बोटं उचलून ठेवणं, गादीवर न ठेवणं, आणि आपल्याकडची धूळ धरून ठरावीक काळाने आतून साफ करून घेणं, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

आता एडिटिंगबद्दल, कारण माझ्यासारखं काम करणाऱ्या पुष्कळ जणांचा इथेच घोटाळा होतो. गेम चांगला चालतो म्हणजे एडिटिंगही चांगलं होईल, हे मी गृहीत धरलं होतं. आमच्या कॅमेऱ्यांचं फुटेज एच.२६५ मधलं, १० बिट, ४:२:२. हे टाइमलाइनवर टाकलं की प्ले होताना लटकायचं. तेव्हा ग्राफिक कार्डाचा वापर पाहावा तर जेमतेम. कारण असं की व्हिडिओ उलगडण्यासाठी कार्डावर एक वेगळा भाग असतो, आणि ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांतला तो भाग ४:२:२ प्रकारचं फुटेज हाताळतच नाही. एनव्हिडियाने ती सोय ५० मालिकेत आणली. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांत मात्र एच.२६५ ४:२:२ची सोय होती. माझा लॅपटॉप एएमडीच्या प्रोसेसरचा. प्रोसेसर उत्तम होता, माझ्या कामाला तेवढा जुळणारा नव्हता. आज मी आधी सगळ्या फुटेजच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करून घेते आणि काम सुरळीत चालतं. पण घेताना मी गेमच्या फ्रेम मोजल्या; ज्या कामावर माझं पोट आहे त्याची चौकशी केली नाही, हे मला आजही लागतं.

बॅटरीचं थोडक्यात सांगते. विमानात विशेष परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून मोठ्यात मोठी लॅपटॉप बॅटरी त्याच्या आतच थांबते. खेळताना सगळं मिळून दीडशे वॉट लागत असतील तर ९० वॉट-तासांची बॅटरी पाऊण तासही पुरणार नाही. आणि बॅटरी एका वेळी तेवढी वीज देऊही शकत नाही, म्हणून प्लग काढला की कार्डाचा वेग मुद्दाम उतरवलेला असतो. बॅटरीवर गेमिंग होत नाही, हे धरूनच चालावं. एका लग्नाच्या कामाला मी ओझं नको म्हणून जड अडॅप्टर घरी ठेवून टाइप-सीचा छोटा चार्जर नेला होता. त्यावर लॅपटॉप चालू राहिला, पण त्याच दिवशी द्यायचा व्हिडिओ वेळेत झाला नाही. घरच्यांनी हॉलमधला पडदा रिकामाच उतरवून घेतला.

माझ्या सगळ्या चुकांत एक दुरुस्त होण्यासारखी होती. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी होती, ८ जीबीची, आणि शेजारचा स्लॉट मोकळा. एका पट्टीवर प्रोसेसरला मेमरीकडून मिळणारा मार्ग निम्माच राहतो. दुसरी पट्टी घातल्यावर सरासरी एफपीएस बेताचाच वाढला, पण मधेमधे बसणारे झटके जवळजवळ गेले. झटकेच माणसाला जाणवतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांत. पाऊणशे फ्रेमच्या सरासरीत एखादी फ्रेम शंभर मिलिसेकंद अडली तर सरासरीत ती दिसत नाही, डोळ्यांना मात्र टोचते. म्हणून चाचण्या बघताना सरासरीच्या शेजारी दिलेला 'एक टक्का लो' हा आकडा बघावा. पट्टी घालायला दहा मिनिटं लागली होती. तोवर मी ग्राफिक कार्डालाच दोष देत होते.

हे सगळं हळूहळू कळत होतं त्याच काळात माझ्या मामेभावाला पुण्यात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. मामाचं शेत मूर्तिजापूरकडे आहे. त्या वर्षीच्या सोयाबीनच्या पैशातून लॅपटॉप घ्यायचं ठरलं, आणि मामाने मला फोन केला. "तूच पाहजो बाई, मले काई समजत नाही त्यातलं."

माझ्यासमोर पुन्हा दोन पर्याय होते, आणि किंमत पुन्हा जवळपास सारखी. एकात आय फाइव्ह प्रोसेसर आणि ३०६०. दुसऱ्यात आय सेव्हन आणि ३०५०, शिवाय पडदा १४४ हर्ट्झचा. मी दुसरा घ्यायला लावला. वॉटचा धडा मी शिकले होते, त्याचा आकडा तपासलाही. पण प्रोसेसर मोठा असला की लॅपटॉप जास्त वर्षं टिकेल ही जुनी समजूत माझ्यात तशीच होती. आणि पडद्याचे हर्ट्झ पाहिले, रंग पाहिले नाहीत. "आता पाच वर्षं बघायला नको," असं मामाला ठामपणे सांगितलं.

त्या ३०५०वर व्हीआरएएम ४ जीबी. पहिल्या वर्षी काही अडलं नाही. पुढे ल्युमियन या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करायची वेळ आली, इमारतीभोवती झाडं, गवत, माणसं आली, आणि ४ जीबी भरून गेले. रॅम वाढवता येते. व्हीआरएएम बोर्डावर जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. आय सेव्हन तिथे काही करू शकत नव्हता. ते काम त्याचं नव्हतंच. पडदा ४५ टक्के एनटीएससीचा होता, म्हणजे एसआरजीबीतले दोन तृतीयांश रंगही तो नीट दाखवू शकत नव्हता. त्यावर रंग फिके दिसायचे, म्हणून पोरगा ते वाढवायचा, आणि छापून आलेली शीट भडक निघायची. ज्युरीत त्यावर त्याला बोलणी बसली.

यातलं काहीही त्याने मला कळवलं नाही. दिवाळीत घरी आला तेव्हा मी सहज विचारलं, कसा चालतोय लॅपटॉप? तो म्हणाला, "ताई, ड्रॉइंगला चांगला आहे. रेंडर मी कॉलेजच्या लॅबमध्ये करतो, रात्री तिथे मशीन मोकळी असतात." आधी का सांगितलं नाहीस म्हटल्यावर गप्प राहिला. मग म्हणाला, "तू इतक्या मनापासून घेऊन दिला होतास."

मी त्याला माझ्याकडचा रंग बरोबर दाखवणारा मॉनिटर दिला. होस्टेलवर तो ठेवायला जागा करून घेतली त्याने. लॅपटॉप बदलून देण्याची माझी ऐपत त्या वेळी नव्हती, आणि मामाकडे पुन्हा मागण्याचा प्रश्नच नव्हता. मामाला मात्र मी सगळं खरं सांगितलं, चूक माझी होती हे सांगितलं. तो रागावला नाही. "झालं ते झालं. आता कोणी इचारलं त त्याले तरी नीट सांगजो."

तेच करते आहे. लॅपटॉप एकाच टेबलावर राहणार असेल, तर तितक्याच पैशांत डेस्कटॉप घ्या. तो जास्त चालेल, कमी तापेल आणि पुढे त्यात हवं ते बदलता येईल. लॅपटॉप लागणारच असेल, तर अपेक्षा कार्डाच्या नावावर ठेवू नका. नाव जितकं मोठं तितकं डेस्कटॉप आणि लॅपटॉपमधलं अंतरही मोठं होत जातं. डेस्कटॉपच्या ४०९०मध्ये १६३८४ कोअर आणि ४५० वॉट. लॅपटॉपच्या ४०९०मध्ये ९७२८ कोअर आणि साधारण १५० वॉट. त्याउलट ४०६०मध्ये दोन्हीकडे कोअर ३०७२च आहेत, आणि लॅपटॉपला पूर्ण वीज मिळाली तर तो डेस्कटॉपच्या बराच जवळ जातो. पण त्याच नावाखाली ३५ वॉटचं कार्डही विकता येतं. वॉट वाढवत गेल्याने एका मर्यादेनंतर फारसा लाभ होत नाही, हेही खरं. म्हणून सगळ्यात मोठ्या आकड्यामागे धावायचं कारण नाही. फार खालचा आकडा मात्र टाळा.

आर्किटेक्चर किंवा थ्रीडीचं काम असेल तर प्रोसेसरवरचे पैसे वाचवून व्हीआरएएमवर घाला, आणि पडदा एसआरजीबीचे पूर्ण रंग दाखवतो का ते विचारा. एडिटिंगचं असेल तर आपल्या कॅमेऱ्याचं फुटेज पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि तिथेच चालवून बघा. घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये कार्डाला कमाल किती वॉट मिळतात ते पाहा, आणि तासभर जड गेम किंवा रेंडर लावून शेवटच्या दहा मिनिटांतला वेग तपासा.

दुकानात वॉटचा आकडा कोणाला सांगता येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच नेमक्या मॉडेलचं पान उघडा. तिथेही तो दिलेला नसेल, तर तो लॅपटॉप घेऊ नका.